तीनचाकी कोणी राखली

परवा हिंगोलीत आमच्या विभागातील एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ झाला. वक्त्याने पुसेगाव रस्त्यावरच्या तांड्यातील तीनचाकीची हकीगत सांगून आमच्या जुन्या साहेबांच्या दयाळूपणाला टाळ्या मिळवल्या. मी खुर्चीतून उठून "हे खोटे आहे" असे म्हणालो. लोक हसले. शेजारचा कानाशी लागला, "तुम्हीच त्या बाईला पढवून ठेवले होते, हे साऱ्यांना ठाऊक आहे." हे तर त्याहून खोटे. माझ्या हयातीत यातले एकही रुजू नये, म्हणून लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात निरीक्षक होतो. त्या तांड्यातील एका बाईचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. तिला हाताने चालवायची तीनचाकी सायकल मी मिळवून दिली. 'मिळवून दिली' हे शब्द जाणूनबुजून वापरतो, कारण त्यासाठी मी वरिष्ठांशी भांडलो होतो. पुढे तिने सायकलच्या मागे लोखंडी चौकट जोडून घेतली आणि हापशावरून थकल्याभागल्यांच्या घरी पाण्याचे कॅन पोचवू लागली. हापसाही तीच बसल्या जागेवरून हापसे. ती घरे तिला ज्वारी देत, सरपण देत. जन्मभर भावजयीच्या हाताकडे पाहत जेवलेल्या बाईने आता स्वतःची चूल मांडली होती.

कोणीतरी तक्रार केली: शासकीय साहित्याचा धंद्यासाठी वापर. नियमात तसे कलम होते, हे मी नाकारत नाही. साहेब समुद्रकाठच्या जिल्ह्यातून बदलून आले होते. माणूस दुष्ट नव्हता. पण परसातल्या विहिरीवर वाढलेल्याला दुसऱ्याच्या घरी पाणी वाहून नेणे धंद्याशिवाय वेगळे काही वाटेना. सायकल जप्त करायला ते मला घेऊन जीपने निघाले. वाटेत मी विरोध केला.

"तुम्हाला नियम कळतो की नाही?" ते म्हणाले.

"नियम कळतो. बाईही कळते."

आम्ही पोचलो तेव्हा ती हापशाकडेच निघाली होती. पायवाट अरुंद, जीप तिच्यासमोर आडवी थांबली. साहेबांनी हुकूम सांगितला. तिने हँडल घट्ट धरले.

"बाई, खाली उतरा."

"उतरून जाऊ कुठं, साहेब? माझे पाय तर तुमी जीपमधी टाकून राहिले."

"सायकल सरकारची आहे."

"व्हय, सरकारचीच हाय. मंग मी कोणाची? मतदानाला न्यायला तुमचीच गाडी येती की. उचला दोघींलाबी संगंच!"

भोवती बाया जमल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी ओरडली, "काहून गं, न्यायला आले का तुला? आधी हळद तरी लावू दे त्यायला!"

हशा पिकला. साहेब लाल झाले. मला म्हणाले, "हिला उतरवा."

येथे माझा वाटा येतो, आणि तो मी कोणालाही देणार नाही. मी म्हणालो, "अपंग बाईला गाडीवरून ओढून काढण्यासाठी माझी नेमणूक झालेली नाही. तुम्ही उतरवा. मी पाहतो."

निलंबनाची भाषा झाली. "करा," मी म्हणालो. साहेबांनी स्वतः सायकलला हात घातला. तिने ब्रेक आवळून धरला होता. सायकल तसूभर हलली नाही.

साहेबांना दया आली म्हणणाऱ्यांनी तो चेहरा पाहिलेला नाही. मी पढवले म्हणणाऱ्यांनी तिचा आवाज ऐकलेला नाही. पढवलेला माणूस अडखळतो. ती एकदाही अडखळली नाही. मी नकार दिला, हे खरे. पण सायकल राखली ती तिने, आणि तिचे श्रेय व्यासपीठावरून कोणी लाटले, तर मी पुन्हा उठेन, पुन्हा हसू द्या.

साहेब हात झटकत बाजूला झाले. खालच्या आवाजात मला म्हणाले, "उद्या वरून चौकशी आली तर?"

"येऊ द्या. मी उभा राहीन."

ते आणखी काही बोलणार, तोच मागून ती कडाडली, "बोलणं झालं आसंल तर जीप सरकवा, साहेब. हापशावर माझा नंबर जाऊन राहिला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग चालकाकडे. जीप मागे घ्यावी लागली.