हॅन्डलवरचा पाचवा दुपट्टा

गिरणीतल्या मंडळीहो, आज दुपारची गोष्ट या फळ्यावर लिहून राह्यलो. 

आपल्या इंजिनवाल्या रहीमचाचांचा कायदा तुम्हाले ठाऊक हाय. मशीन दुरुस्तीले जो आत जाईन, त्यानं आपला खांद्यावरचा दुपट्टा इंजिन चालू कराच्या हॅन्डलले बांधाचा. सोडाचाही ज्याचा त्यानंच.

सकाळी मीच कुरकुरलो होतो, "चाचा, कोंडा नाकात जाते. दुपट्टा तोंडाले पाह्यजे."

"मंग आत जाऊ नको."

बांधला. आमी पाच जण आत गेलो. चौघं काम आटोपून निघाले, आपापले दुपट्टे सोडून जेवाले बसले. मी फिटर, खड्ड्यात, मोठ्या चाकाखाली, शेवटचा बोल्ट कसत होतो.

बाहेर धानाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती. मुनीमजी ओरडले, "फिटर घरी गेला, दुपट्टा विसरला! सोडा अन् इंजिन चालू करा!"

चाचांचा आवाज मले खाली ऐकू आला, "ज्याचा हाय, तोच सोडन. तोवर बंड्या उभ्या राह्यतीन."

मी कोंड्यानं माखून वर आलो, तर मुनीमजी मटकन खाली बसले. चाचांनी हॅन्डल माह्यापुढं धरलं. माही बोटं ग्रीसनं बरबटली होती, गाठ सुटता सुटेना. तरीबी चाचांनी गाठीले हात लावला नाई.

थांबलेल्या बंड्या उरकता उरकता रात्र झाली. आता घरी गेलो की बायको विचारन, आज एवढा उशीर काऊन झाला? मंडळीहो, तुमीच सांगा, काय सांगू तिले?