अवेळी वाजणारी घंटा

माझा स्वभाव मुळातच संशयी. कुणी चांगलं बोललं तरी मला कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

नायगावच्या शाळेत विज्ञान शिकवताना मी मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्राम भरून चालवायच्या छोट्या चिपवर, घंटेची पेटी तयार केली. तास संपला की घंटा आपोआप वाजे. तोवर ती आमचे शिपाईमामा हाताने वाजवत, आणि त्यांचा ठोका कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

माझी पेटी मात्र चुकू लागली. तास अर्धाच झालेला असताना घणाणायची आणि पोरं दप्तरं उचलायची. मी दोनदा धावत व्हरांड्यात गेलो. दोन्ही वेळा पेटीखाली मामाच उभे! हातचं काम गेलं म्हणून हा माणूस खोड्या करतोय, अशी माझी खात्रीच पटली. मी ते हेडसरांच्या कानावर घातलं. त्यांनी मामांना सगळ्या स्टाफसमोर झापलं.

"म्या हात बी लावला न्हाई, सर," मामा माझ्याकडे बघून म्हणाले. चोर कधी कबूल करतो का, असं मी मनात म्हटलं.

आता पुरावा हवा होता. हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं, पेटीला कोण हात लावतं ते पकडायचं कसं? लातूरच्या डाळमिलांतले मीटर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं, आधी पूर्ण कोड पाठवा. पूर्ण कशाला? उद्या हेच महाशय माझी पेटी लातूरच्या क्लासवाल्यांना विकायचे. मी सुरुवातीचा भाग कापून उरलेला पाठवला.

लगेच फोन आला. "सर, मुंडकं ठिवून घेतलं अन् धड पाठवलं व्हय? बरं, घंटी वाजती तवा शाळेत दुसरं काय चालू होतंय?"

मी विचारात पडलो. पाण्याची मोटर! तिचं बटण पेटीच्या खालीच होतं, आणि ते दाबायचं काम मामांचं.

कापलेला भाग मी मुकाट्याने पाठवला आणि त्यांनी चूक दाखवली. मोटर सुरू होताना विजेचा दाब पडायचा, कंट्रोलर नव्याने सुरू व्हायचा, आणि घंटा बंद ठेवण्याची ओळ मी त्याच भागात फार खाली लिहिलेली. तिथं पोहोचेपर्यंत घंटा वाजत राहायची. ती ओळ वर नेली. मग मी स्वतः मोटर दहा वेळा चालू-बंद केली, पेटी गप्प. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हेडसरांना एवढंच म्हणालो, दुरुस्त झाली.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"सर, टाकी भरायची हाय. चला, तुमच्यासमोर बटन दाबतो."

मी बाहेर जाऊन हळूच म्हटलं, "मामा, चूक माझ्या कोडात होती. तुम्ही खुशाल दाबा."

ते जागचे हलले नाहीत. "मला काय सांगता? जिथं मला चोर केलं तिथं सांगा. तवर मी एकटा तिकडं जात न्हाई."