मॅच थांबली आणि रेखाची मुलाखत झाली

मंडळी, आज दुपारी आमच्या सिरसाळ्यात जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी बायको रेखा हिची पुण्याच्या एका कंपनीसोबत व्हिडिओवर मुलाखत होती. लग्नानंतरची पहिलीच. पहिल्याच प्रश्नाला नेट गेलं. आलं, परत गेलं. तिचे डोळे भरून आले. समोरच्या मॅडमनी थोडा वेळ थांबायची तयारी दाखवली, एवढंच बरं.

गावाला नेट पुरवणाऱ्या वैशालीताईंना मी चिडूनच फोन लावला.

त्या म्हणाल्या, "भाऊ, चूक माझीच हाय. सकाळी राऊटरमधी नवं सॉफ्टवेअर टाकलं. ते सगळा लोड एकाच लाईनवर ढकलतंय, अन् राऊटर बंद पडतोय. जुनं टाकायचं तर समद्या गावाचं नेट थांबवावं लागंल. पण वहिनींची मुलाखत हाय म्हणता, मग आत्ता न्हाई करत. निम्मं गाव दुसऱ्या लाईनवर घेते."

लगेच गावाच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "रेखावहिनींची मुलाखत चालू हाय. जरा वेळ मोबाईलवरची मॅच बंद ठेवा."

मला वाटलं, कोण ऐकतंय! पण शेजारच्या घरातला कॉमेंट्रीचा आवाज थांबला. मग समोरच्या दुकानातला. रेखा शेवटपर्यंत नीट बोलली. त्यानंतरच ताईंनी नेट थांबवून जुनं सॉफ्टवेअर टाकलं.

संध्याकाळी रेखा पेढे घेऊन त्यांच्याकडं निघाली. मी म्हटलं, "अगं, निकाल तर येऊ दे."

ती म्हणाली, "हे नोकरीचे न्हाईत."

तुमच्या गावात असं माणूस कोण हाय? नाव लिहा खाली.