भागिरथीआक्काची मागं पडलेली पात

माझी थोरली जाऊ भागिरथीआक्का म्हंजी मिरजगावच्या खुरपनीतली म्होरकी. तिच्या वाटची पात, म्हंजी खुरपायची वळ, कधी मागं पडली न्हाई. चौऱ्याण्णव साली पडली, आन् ती आमीच झाकली. एकीची पात मागं ऱ्हायली की शेजारनींनी दोन्हीकडून खुरपत पुरी करायची, ही आमची रीत. त्यामुळं शेताच्या मालकाला पत्ता न्हाई, घरात पत्ता न्हाई. उकिडवं बसलेल्या आक्काला उठायचं असलं की मी हात द्यायची. अंबाडाबी मीच बांधायची, कारन तिचे हात डोक्यापत्तर जाईनात. "रंगू, कुनाला बोलू नगं," म्हनायची. मी मोठी शहानी, गप्प बसले!

मग पापन्या जांभळ्या झाल्या, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले. समद्या म्हनल्या, गाजरगवत बाधलं. त्याला मलम आनलं. अशक्तपनासाठी दुसऱ्याच डॉक्टरकडं सलाईन. पाच महिने हाच खेळ. कळशी उचलंना तवा मात्र मी तिला यष्टीत घातली आन् नगरला नेली.

तिथल्या चामडीच्या डॉक्टरांनी पापन्या बघितल्या, बोटं बघितली आन् भलतंच सांगितलं, "खाली बसा. हात न टेकता उठून दाखवा."

मी सवयीनं हात पुढं केला.

"तुम्ही नाही, त्या उठतील."

आक्का उठली न्हाई. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी समदं सांगून टाकलं.

"हे गवताचं नाही," डॉक्टर म्हनले. "कातडी आणि स्नायू, दोन्हींना एकाच आजारानं सूज आलीय." रक्त तपासलं, पुन्याला मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. तेच निघालं.

गोळ्या सुरू झाल्या. उन्हात अंगभर शर्ट, घरी रोज सांगितलेला व्यायाम. गोळ्यांनी तोंड गोल झालं, तर शेजारची बनुबाई म्हनती, "बाळसं धरलंय की! आता कशाला गोळ्या?"

"मनानं बंद केल्या तर जिवावर बेतंल, असं बजावलंय. तू डॉक्टर हायस व्हय गं?" मी तिला दारातनंच वाटंला लावली.

डॉक्टर हळूहळू गोळी कमी करत गेले. वर्सानं त्यांनी पुन्हा खाली बसवलं. आक्का बसली आन् हात न टेकता उठली. परत बसली, परत उठली.

"पुरे, कळलं मला," डॉक्टर हसले.

"तुमाला कळलं वो," आक्का म्हनली, "पर हिला अजून खरं वाटंना."

ती तिसऱ्यांदा बसली. मी माझे दोन्ही हात पाठीमागं गच्च धरून रडत हुते.