दोरी चढवलेलं धनुष्य

मी मद्रासला रेल्वेत होतो तेव्हा एग्मोरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात ते दर रविवारी दिसायचे. तंजावरकडचे मराठी म्हातारे, कपाळाला गंध. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्यासारखाच त्यांनाही जुन्या धनुष्यांचा नाद. धनुष्य हातात आलं की आधी डोळ्यासमोर धरून लाकडाला पीळ पडलाय का बघत, मग डोळे मिटून अंगठ्याने बारीक तडे चाचपत. ओढून मात्र कधीच बघत नसत.

एकदा मी फुशारकी मारली. "मी माझं धनुष्य दोरी चढवून भिंतीवर लावलंय. छान दिसतं."

त्यांचा अंगठा थांबला. "अय्यो! कधीपासून? खाली कोण निजतं?"

"दिवाळीपासून. खाली मुलीचा पाळणा आहे."

"ताणलेलं जुनं लाकूड सांगून मोडत नाही हो. मोडलं की तुकडे उडतात. आधी पाळणा हलवा."

"आणि दोरी उतरवू ना?"

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. "उतरवायला धनुष्य आणखी वाकवावं लागतं."

पाळणा त्याच दुपारी हलवला. धनुष्य भिंतीवरच राहिलं. मध्येच लाकूड कुरकुरायचं, आणि जेवताना आमचे घास हातातच राहायचे.