परतीच्या तारेसाठी मीठ

"सुई हिल क्यों नहीं रही?" माझ्या बॉसनी, मॅथ्यूसरांनी, तिसऱ्यांदा विचारलं.

कतारमधल्या अल वक्राच्या एका शाळेच्या बागेत आमच्या कंपनीने जुन्या पद्धतीचं तारयंत्र उभारलं होतं. एका टोकाला बॅटरी आणि बटण, दुसऱ्या टोकाला होकायंत्रासारखी सुई. बटण दाबलं की सुई वळायला हवी. उद्घाटनाला तासभर उरला होता.

डिझाइन माझं. सुरुवातीच्या तारयंत्रांत करंट जायला एक तार, परत यायला दुसरी. मग तेव्हाच्या लोकांच्या लक्षात आलं की दोन्ही टोकं जमिनीत गाडली तर परतीचं काम जमीनच करते. निम्मी तार वाचली. मुलांना हीच गंमत दिसावी म्हणून मी एकच तार टाकली होती.

"दूसरी तार डाल दो, किसको पता चलेगा?" सर आधीच म्हणाले होते. मी हट्टाने नाही म्हटलं. प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता माझा.

"गुरुवारी तर झकास चालत होतं," आमचा वसईचा टेक्निशियन फ्रान्सिस म्हणाला. तार, बॅटरी, जोड, सगळं मीटर लावून तपासलं. ठीक.

मग माझी नजर बुटांवर गेली. स्वच्छ. गुरुवारी ते चिखलाने भरले होते. चौकशी केली. पाहुण्यांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून शाळेने स्प्रिंकलर बंद ठेवले होते. वाळू ठणठणीत कोरडी, आणि कोरडी वाळू करंट नेत नाही.

दोन्ही टोकांना बादल्या ओतल्या. सुई जराशी थरथरली, बस.

तेव्हा अण्णा आठवले. माझे वडील, चौथी शिकलेले, गावात पिठाची गिरणी चालवायचे. उन्हाळ्यात मोटारीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात नुसतं पाणी नाही, खडेमीठही टाकायला लावायचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मला आत्ता आठवत होतं.

"फ्रान्सिस, कॅन्टीनमधून मीठ आण. असेल तेवढं."

"भाजी टाकताय का मॅडम?"

"आण रे!"

मीठ पाण्यात ढवळून दोन्हीकडे ओतलं. मी बटण दाबलं. पलीकडून फ्रान्सिस ओरडला, "वळली! वळली!"

मी तिथेच वाळूत बसकण मारली.

"यल्ला, उठो, गेस्ट आ गए," सर म्हणाले. मग हळूच, "एक ही तार ठीक है."

इथे समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून ते पाणी नळाला सोडतात. आम्ही ते मीठ परत घातलं. तेवढी हिरवळ नंतर जळाली, माळी अजून माझ्याशी बोलत नाही. पण कन्फर्मेशन लेटर आलं.

अण्णांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "इंजिनिअरबाईंना बादल्या ओतून झाल्यावर मीठ आठवलं होय?"

आता माझ्या टूलबॉक्समध्ये मीटरशेजारी मिठाचा पुडा असतो.