माळावर फिरणारा कॅमेरा

कॅमेरा आपोआप फिरला पाहिजे, त्याला माणसाचा हात लागता कामा नये, हा माझा हट्ट. माणूस कॅमेरा धरतो तेव्हा डोंगरापेक्षा स्वतःलाच जास्त दाखवतो, असं मी खोपोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना, कोणी विचारलेलं नसतानाही, सांगत असे. भंगारातल्या टेंपोच्या वायपरची मोटर आणून पावसाळाभर खपले आणि रबरी पट्ट्याने कॅमेऱ्याला सावकाश गोल फिरवणारं यंत्र केलं.

पाऊस सरल्यावर एका स्वच्छ सकाळी ते ठाकुरवाडीच्या वरच्या माळावर मांडलं. तिथे गवत कापायला आलेल्या ठाकर आजींना बजावलं, "हे सूर्य मावळेपर्यंत फिरायला हवं. मध्येच थांबलं तर सगळी मेहनत वाया. आणि समोर कोणी यायचं नाही."

"नाय येत, बाय," त्या म्हणाल्या. मीही चित्रात येऊ नये म्हणून कड्याखालच्या सावलीत जाऊन बसले. तिन्हीसांजेला वर आले, अंधुक उजेडात यंत्राकडे नीट न बघताच घाईघाईने सामान बांधलं. आजी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कर्जतला घरी चित्रण लावलं. सकाळचा भाग नेमका होता आणि, खोटं कशाला बोलू, कंटाळवाणा होता. दुपारनंतर मात्र मी खुर्चीत सरसावून बसले. कॅमेरा घारीच्या मागे मागे जात होता. दरीतून ढग चढू लागला तिथे रेंगाळला आणि तो वर येऊन भिडेपर्यंत हलला नाही. एका साध्या कातळासमोर तो इतका थांबला की कातळातून झिरपणारं पाणी मला दिसू लागलं. तीस वर्षं रोज बघतेय मी हा डोंगर, पण तो पहिल्यांदाच दिसतोय असं वाटलं. माझ्या यंत्राला हे सुचलं तरी कसं! नवऱ्याला बोलावून दाखवलं, वर फुशारकीही मारली.

मग ऊन कललं आणि गवतावर यंत्राची लांब सावली पडली. तिच्या शेजारी दुसरी सावली होती. वाकलेली, डोक्यावर पदर घेतलेली. तिचा हात यंत्रावर होता.

मी तशीच उठून ठाकुरवाडी गाठली. आजी अंगणात गवताचा भारा सोडत होत्या.

"दुपारीच पट्टा निसटला नि थांबलं त्ये," त्या म्हणाल्या. "तुमाला हाका मारल्या, तर तुमी घोरत व्हत्या. म्हनलं, बायची म्हेनत वाया जाईल. मागनंच फिरवलं. म्होरं नाय आले."

"पण मध्ये मध्ये थांबवलंत कशाला?"

त्यांनी भारा तसाच ठेवून वर बघितलं.

"मंग? त्याला बगू नको द्यायला?"